अंगणवाडी

अंगणवाडी : सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षण त्यांच्या वस्तीतच करणारी संस्था. तिची कल्पना महाराष्ट्रात रूढ करण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्याकडे जाते.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह काढले. मूल आपल्या आवडीच्या कामात रमले म्हणजे बाहेरच्या धाकाशिवाय त्याच्या ठायी स्वयंशिस्त येते, हे त्यांच्या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी ही पद्धत भारतीय परिस्थितीस अनुरूप करून घेतली व गोष्ट, गीत आणि नाट्य यांना भाषाशिक्षणात महत्त्वाचे स्थान दिले. गिजुभाई व ताराबाई यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

शहरी बालमंदिरांतील महाग साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, खडे, पाने, बिया यांसारख्या सहज उपलब्ध वस्तूंपासून त्यांनी मोजणी, वर्गीकरण व इंद्रियशिक्षण यांची साधने तयार केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे वारली आदिवासींमध्ये विस्तारले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठी मुले शाळेस मुकत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढण्यात आल्या.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तीमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली. पूरक आहार, लसीकरण व आरोग्य तपासणी यांच्या जोडीस तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अनौपचारिक शिक्षण देणे, हे तिचे कार्य ठरले. मात्र आहारवाटप व नोंदी यांच्या भारामुळे शिक्षणाची बाजू पुष्कळदा मागे पडते. वस्तुतः आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सूचना ध्यानात ठेवणे, अनुभव शब्दांत मांडणे या क्षमतांवरच पुढील वाचन-लेखन उभे राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून या बाजूस पुन्हा महत्त्व दिले आहे.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके उसासाठी प्रसिद्ध आहेत. गळीत हंगामात तेथे ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे लहान मुलांसह येतात व फडाजवळ कोप्या घालून राहतात. गाव सुटताच या मुलांची मूळ अंगणवाडीही सुटते. मूल येत नसेल, तर शाळेनेच त्याच्यापर्यंत जावे, हे बोर्डी व कोसबाड येथील तत्त्व अशा वस्त्यांच्या बाबतीत आजही तितकेच लागू पडते.