वेणुग्राम आणि वेळूची शिट्टी

बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातल्या, १२०४ सालच्या शिलालेखात ते येतं. वेणू म्हणजे बासरी, म्हणून हे बासरीचं गाव, असं आपल्याकडे कौतुकानं सांगतात. पण संस्कृतात वेणू म्हणजे आधी वेळू, आणि त्याचीच म्हणून बासरी. गावाला नाव मिळालं ते वेळूच्या बेटांवरून, असं मानणंच सरळ आहे.

मग सूर कुठून आला? तो पोरांच्या हातात होता. जत्रेत मिळणारी अलगुजं आणि गुराख्यांनी कोयत्यानं केलेल्या शिट्ट्या, दोन्हींची रचना एकच. बासरीला फुंक आडवी नि ओठांनी बेतावी लागते. अलगुजाला तोंडातच लाकडाचं बूच असतं, ते फुंकेला वाट दाखवतं. जुन्या संग्रहांत सगळ्यालाच ‘पावा’ म्हणून मोकळे होतात. खरं तर तोंड बघावं, पटकन कळतं.

करायला पोकळ, वाळलेलं कांडं लागतं. माणगा इथे निरुपयोगी, तो जवळजवळ भरीव. एका टोकाची गाठ ठेवायची, दुसरीकडून बोटभर अंतरावर वरच्या अंगाला खाच घ्यायची. खाचेची पुढची कड धारदार हवी. बूच पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचं, वरून किंचित तासलेलं. ती फट फार मोठी झाली तर नुसता वारा, फार बारीक तर शिट्टी गुदमरते. शिवाय फुंकेच्या ओलीनं बूच फुगतं, म्हणून लगेच पक्कं ठोकू नये.

सूर लावणं हे मात्र खरं कसब. गाठ ठेवलेली दहा सेंटिमीटरची नळी सेकंदाला साधारण आठशे कंपनं देते. गाठ फोडली तर सूर जवळपास एक सप्तक वर जातो. लांबी कापली की सूर चढतो, भोक मोठं केलं तरी चढतोच. म्हणजे चाकूनं फक्त वरच जाता येतं. जाणता माणूस म्हणून नळी गरजेपेक्षा लांब ठेवतो, तापल्या सळीनं भोकं बारीक पाडतो आणि थोडं थोडं वाढवतो. सूर जास्त चढलाच तर भोकाच्या कडेला मेण. आणि पारख करायची ती थोडा वेळ वाजवून. गार नळी सूर खाली दाखवते.

यात मोजपट्टी कुठेच नाही. वेळूचं प्रत्येक कांडं वेगळ्या पोटाचं, त्यामुळे माप उपयोगीही पडत नाही. म्हणूनच दोन घरगुती अलगुजं एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. प्लास्टिकची मात्र सगळी सारखी बोलतात. कुणाच्या माळ्यावर जुनं अलगूज असेल तर ते पुसून चकचकीत करू नका. भोकाच्या कडेला राहिलेलं मेण हीच त्या करणाऱ्याच्या कानाची एकमेव नोंद आहे.