कापूसविक्री, वऱ्हाडातील

वऱ्हाडातील लहान शेतकऱ्यापुढे कापूस विकण्याची परंपरेने दोन स्थाने असत : गावातील सावकार अथवा फिरता व्यापारी आणि पेठेचा बाजार. पेठेत भाव सामान्यतः अधिक असे. तथापि ज्याचा माल गाडीभरही नसे, त्याला गाडीभाडे, मुक्काम व कामाचा खाडा परवडत नसे. पेरणीसाठी कर्ज काढलेल्याचे पीक तर शेतात उभे असतानाच सावकाराकडे बांधले गेलेले असे.

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) भारतीय कापसाचे भाव चढले. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि खामगाव, अमरावती, अकोला या पेठा मुंबईच्या निर्यात व्यापाराशी जोडल्या गेल्या. पेठेतील व्यवहार मात्र उघड नव्हते. भाव रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरे. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता इ. नावांनी कपात होई. भरलेली गाडी परत नेणे शक्य नसल्याने शेतकरी मिळेल तो भाव स्वीकारी.

वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने (१८९७) बाजारांचे नियमन सुरू झाले. परंतु बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांच्या विस्ताराची शिफारस केली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या अधिनियमाने समित्यांवर शेतकरी प्रतिनिधींना बहुमत दिले.

कापूस एकाधिकार खरेदी योजनेत (१९७२) विक्रीस्थानाची निवडच कायद्याने संपुष्टात आली. हमी भावाचा आधार मिळाला. परंतु रक्कम हप्त्यांनी व विलंबाने मिळे आणि सहकारी संस्थेचे कर्ज तीतून वळते होई. त्यामुळे रोख पैशाची निकड असलेले शेतकरी खाजगी व्यापाऱ्याला चोरून माल देत. शेजारच्या राज्यांत भाव चढा असल्यास कापूस सीमेपार जाई. २००२ मध्ये खाजगी खरेदीस मुभा मिळून एकाधिकार संपला.

त्यानंतर गावातील व्यापारी, सरकी काढणारे कारखानदार, बाजार समिती व भारतीय कापूस निगमाची आधारभूत किमतीची खरेदी असे पर्याय खुले झाले. तरीही साठवणुकीची सोय व हाती शिल्लक नसलेला शेतकरी पुष्कळदा कमी भावाने गावातच विक्री करतो. बाजारांची संख्या वाढल्याने निवडीचा अधिकार मिळतो; तो वापरण्यासाठी थांबण्याची ऐपत लागते.