न मागता आलेलं कार्ड आणि पन्नास डॉलरची मर्यादा

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. क्रेडिट कार्ड चोरीला गेलं, चोराने त्यावर खरेदी केली, तर पैसे कुणी भरायचे? १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच कार्डांच्या अटींत याचं उत्तर बारीक अक्षरात छापलेलं असे: कार्ड हरवल्याचं तुम्ही कंपनीला कळवेपर्यंत जो खर्च होईल तो तुमचा. काही न्यायालयांनी ते मान्यही केलं होतं. करार तो करार!

आता गंमत बघा. हा करार ज्याच्या माथी मारला जायचा, त्याने कार्ड मागितलेलं असायचंच असं नाही.

त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या शहरात जाऊ. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने इथे सुमारे ६०,००० कार्डं टपालाने धाडली. अर्ज कुणी केला नव्हता. बँकेची अडचण खरी होती. गिऱ्हाइकाकडे कार्ड नाही म्हणून दुकानदार ते स्वीकारत नाही, आणि दुकानात चालत नाही म्हणून गिऱ्हाईक ते घेत नाही. ही कोंडी फोडायला बँकेने कार्डं सरळ घरोघर टाकली. थकबाकी चार टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज होता, ती बावीस टक्क्यांवर गेली. फसवणूकही भरपूर झाली. योजनेचे प्रमुख जोसेफ विल्यम्स यांनी पुढच्याच वर्षी बँक सोडली. पण धंदा तगला. यालाच पुढे ‘व्हिसा’ हे नाव मिळालं.

इतर बँकांनी यातून काय घेतलं? टपालाची युक्ती तेवढी घेतली. १९६६ मध्ये ख्रिसमसच्या तोंडावर शिकागोच्या बँकांनी लाखो कार्डं वाटली. याद्या एकमेकींशी ताडून बघायला वेळ कुणाला होता? एकेका घरात अनेक कार्डं गेली, लहान मुलांच्या नावानेही गेली. पाकिटात काय आहे हे चोरांना बाहेरूनच कळायचं, आणि ती वाटेतच गायब व्हायची. म्हणजे जे कार्ड मागितलं नाही, हातातही पडलं नाही, त्याचं बिल मात्र घरी येतंय. हरवल्याचं कळवा म्हणे. जे आल्याचंच ठाऊक नाही, ते हरवल्याचं कळवणार कसं?

अमेरिकन काँग्रेसने ऑक्टोबर १९७० मध्ये कायदा केला. अर्जाशिवाय नवं कार्ड द्यायला बंदी आली, आणि गैरवापर झाला तर कार्डधारकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर ठरली. तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोक विसरतात: वापर अधिकृत होता हे सिद्ध करण्याचा भार कार्ड देणाऱ्यावर टाकला. ‘तो मी नव्हेच’ हे ग्राहकाने सिद्ध करायचं कारण उरलं नाही. ५० डॉलरच्या वरचा तोटा आपल्याच तिजोरीतून जाणार म्हटल्यावर चोरी रोखण्याची निकड आपोआप बँकांची झाली.

१९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने आणखी एक दार उघडलं. बिल चुकीचं असेल तर ६० दिवसांत लेखी तक्रार करा. कंपनीने ३० दिवसांत पोच द्यायची, फार तर ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि तोवर वादातल्या रकमेसाठी तगादा लावायचा नाही. दुकानदाराने सदोष माल दिला आणि तो दाद देत नसेल, तर ती हरकत कार्ड कंपनीपुढेही घेता येते. मात्र इथे मेख आहे. खरेदी ५० डॉलरच्या वरची हवी, आणि ती आपल्याच राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत झालेली हवी. त्या काळी खरेदी गावातल्या दुकानात व्हायची, म्हणून ही अट. इंटरनेटवर घेतलेला बूट नेमका कुठे विकला गेला, यावर वकिलांना आजही भांडता येतं.

आपल्याकडे हे सगळं बरंच उशिरा आलं, आणि मुख्यतः रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतून. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाची रचना बघा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी कमाल १०,००० रुपये. सिद्धतेचा भार इथेही बँकेवरच. २०२२च्या निर्देशांत तर न मागता कार्ड सुरू करून बिल लावलं, तर ते रद्द करून वर बिलाच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा, असं आलं. फ्रेस्नोनंतर चौसष्ट वर्षांनी!

पण २०१७च्या त्याच परिपत्रकात एक वाक्य आहे: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ गोपनीय तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतरचा बँकेचा. आता फोनवर बँकेचा अधिकारी बनून कुणी घाबरवलं आणि एखाद्या आजोबांनी ओटीपी सांगितला, तर तो निष्काळजीपणा की फसवणूक? बँक पहिला शब्द वापरते, आजोबा दुसरा. सगळं भांडण या दोन शब्दांवर येऊन अडतं, आणि पन्नास डॉलरसारखी सरसकट मर्यादा त्या वाक्यात नाही.