दातओठ खाताना

अस्मादिक झोपेत दात खातात. ही बातमी बायकोने लग्नानंतर आठवडाभरातच फोडली होती, मी हसण्यावारी नेली. गेल्या वर्षी खालची एक दाढ उभी चिरली. ती काढून झाली, महिन्यापूर्वी इम्प्लांटचा स्क्रूही बसला. वरचा दात अजून बसायचाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "नाइट गार्ड घालणार असाल तरच. नाहीतर पैसे पाण्यात!" टायटॅनियमला कसली आलीय भीती, म्हणून शनिवारी वाचायला बसलो.

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होता. त्यासाठी हाडात टायटॅनियमची एक छोटी चौकट बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागाची वस्तू परत काढायला गेला, तर निघेचना. हाड धातूला धरून बसलेलं! १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन हा त्याचा पहिला पेशंट. जन्मतःच जबड्यात दोष होता बिचाऱ्याच्या. २००६ मध्ये तो वारला, तोवर ते इम्प्लांट्स काम देत होते.

मग माझंच काय घोडं अडतंय? अडतंय ते त्या घट्ट पकडीपाशीच. खरा दात हाडाला चिकटलेला नसतोच. मध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटरचा तंतूंचा पडदा असतो. तो धक्का झेलतो आणि जोर किती पडतोय ते मेंदूला कळवतो. खडा लागला की आपण चटकन थांबतो ना, ते त्याच्यामुळे. इम्प्लांटला हा पडदाच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर काढून टाकलेली सिस्टिम. लोड वाढत जातो, अलार्म वाजत नाही आणि एक दिवस स्क्रू सैल होतो, नाहीतर वरचा दातच फुटतो.

ब्रोनेमार्कला धक्क्यांची धास्ती होतीच. खालच्या जबड्यात तीन, वरच्यात सहा महिने तो स्क्रूवर भार येऊ देत नसे. १९८३ मध्ये रिचर्ड स्कालाक या इंजिनिअरने (शेवटी इंजिनिअरच!) गणित मांडून सुचवलं, की वरचे दात अ‍ॅक्रिलिकचे करा, म्हणजे धक्का थोडा मुरेल. पुढे पोर्सेलिनचे दात आले. दिसायला झकास, पण कडक.

गार्डने सवय सुटत नाही, हेही कळलं. तो जोर सगळ्या दातांवर वाटून देतो आणि झिजायचं ते स्वतः झिजतो. काल माझा तयार होऊन आला. बाईंना विचारलं, कशाचा आहे?

अ‍ॅक्रिलिकचा.