स्कूल बोर्डाची जागा

आमच्या आबांनी जन्मात एकच निवडणूक लढवली, ती जिल्हा स्कूल बोर्डाची. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा 1947 मध्ये नव्यानं झाला होता आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांचा कारभार जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे होता. आबा व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले शेतकरी. ना पैसा, ना पाठीशी पुढारी. तरी ते उभे राहिले, कारण आमच्या गावची शाळा मारुतीच्या देवळात भरत होती.

देवळातली शाळा म्हणजे काय, हे आबांनी लहानपणीच पाहिलं होतं. गावातली मुलं सभामंडपात बसायची आणि गावकुसाबाहेरची पायऱ्यांखाली, लिंबाच्या सावलीत. पाऊस लागला की त्यांची शाळा बंद. त्यांच्यात आबांच्या बरोबरीचा एक मुलगा होता, हिशेबात सगळ्या वर्गाच्या पुढे. तो गणित सोडवून पाटी पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचा. मग मास्तर पायरीशी येऊन वाकून पाहायचे, उत्तर बरोबर असलं तर मान हलवायचे आणि परत फिरायचे. "आमच्या पाटीवर मास्तर बरोबरची खूण करायचे, त्याच्या पाटीवर एकदाही झाली नाही," हे सांगताना आबा थांबायचे. तिसरीतच त्या मुलाची शाळा सुटली.

खरं तर 1923 मध्येच रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असं तो सांगत होता. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा होऊन शाळा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हाती आल्या. पण कायदेमंडळात मंजूर झालेला ठराव गावातल्या देवळाच्या पायरीपर्यंत कोणी आणायचा? आबांचं म्हणणं एवढंच होतं की ते काम बोर्डाच्या सभासदाचं आहे.

शाळेवरच्या रयतेच्या हक्काचा हिशेब आबांना त्यांच्या वडिलांनी शिकवला होता. पणजोबा सांगायचे, सरकार शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतं, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा असतो. हा आणा 1860च्या दशकापासूनचा. ज्या कुणब्याला अक्षर येत नव्हतं, तोही तो भरत होता. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे नेमकं यावरच बोट ठेवलं. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, असं सांगून त्यांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आबा ही नावं सणावाराला पूर्वजांची घ्यावीत तशी घ्यायचे.

स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदार होते ते लोकल बोर्डासारख्या संस्थांचे सभासद. धान्याच्या पेंडीपासून मोटारीपर्यंत सगळं ज्यांच्या दारी, अशी ती माणसं. आबा धडप्यात भाकरी बांधून सायकलीवर निघायचे आणि एकेकाचं घर गाठायचे. वाटेत लागेल त्या गावच्या पारावर थांबून देवळातल्या शाळेचा विषय काढायचे. एका मोठ्या वाड्यात त्यांचं सगळं ऐकून घेतल्यावर मालक म्हणाले, "मत देतो. आमच्या साडूचा मुलगा मास्तर आहे, त्याची बदली घराजवळ करून द्या." आबांनी हात जोडले. "साहेब, बदल्यांत बोर्डानं पडू नये म्हणूनच तर मी उभा आहे."

हे नुसतं ताठ्याचं उत्तर नव्हतं. 1923 नंतर बोर्डांच्या हाती सत्ता आली तेव्हा अनेक ठिकाणी मास्तर म्हणजे सभासदाच्या घरचा माणूस, अशी गत झाली होती. निवडणूक आली की बदल्यांचा सुकाळ. म्हणून बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, 1938 मध्ये, कायदा दुरुस्त करून बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारनं नेमायचा असं ठरलं. आबांना हा इतिहास पाठ होता. शाळा लोकांच्या हाती असावी, पण मास्तर कुणाच्या मुठीत नसावा, हे त्यांचं मत शेवटपर्यंत टिकलं.

आबा पडले. बदलीचा शब्द देणारा निवडून आला. पुढची हकिगत आजी सांगायची, कारण आबा ती टाळायचे. निवडून आलेल्या गृहस्थांनी प्रचाराच्या दिवसांत गावोगाव तो देवळाचा विषय ऐकला होता. लोक त्यांनाही तेच विचारू लागले. शेवटी त्यांनीच तो बोर्डात मांडला आणि आमची शाळा देवळातून धर्मशाळेत आली. पुढच्या पावसाळ्यात लिंबाखालची मुलं पहिल्यांदा छपराखाली बसली. आजी म्हणायची, "जागा त्यांना मिळाली, काम यांचं झालं."

1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डं संपली. पण आबा ज्यासाठी फिरले ती जागा संपलेली नाही, उलट आपल्या दारात आली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात 75 टक्के सभासद पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. यासाठी सायकल काढायला नको, वाडे धुंडाळायला नकोत. पालकसभेला जाऊन बसायचं आणि नाव सुचवायचं.

तरीही किती ठिकाणी ही निवड पाच-दहा पालकांत उरकते आणि सह्या नंतर घरोघर फिरवून घेतल्या जातात! मुलींचं स्वच्छतागृह बंद का, दोन वर्गांना एकच शिक्षक का, हे विचारायची जागा तीच आहे, आणि तीच आपण रिकामी सोडतो. तुमचं मूल ज्या शाळेत जातं तिथली पुढची पालकसभा चुकवू नका. निवडून आलात तर उत्तमच. नाही आलात, तरी प्रश्न मांडून या.