कसबा पेठ
पुणे शहरातील सर्वांत जुनी पेठ. ती मुठा नदीच्या उजव्या तीरावर आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने सु. १६३० मध्ये पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला, असे सांगतात. पुढे जिजाबाईंच्या वास्तव्यात गाव पुन्हा वसले. येथील कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत होय. पेठेचा खरा इतिहास मात्र तिच्या रहिवाशांचा असून, तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी ही नावेच त्याची साक्ष देतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त केली. तांबटांच्या धंद्याला त्याहून मोठा धक्का स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी दिला; तरीही मोजकी कुटुंबे तांब्यावर मठारकाम करतात.