टेफ्लॉनची वायर आणि अपोलो 13

टेफ्लॉन म्हटलं की आपल्याला आठवतो नॉनस्टिक तवा. आज मात्र आपण त्याच टेफ्लॉनच्या वायरबद्दल बोलणार आहोत, कारण चंद्राकडे निघालेल्या तीन माणसांचा जीव एकदा तिच्यापायी टांगणीला लागला होता.

सुरुवात 6 एप्रिल 1938 ला. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा 27 वर्षांचा केमिस्ट फ्रिजसाठी नवा गॅस शोधत होता. त्यानं आणि त्याचा सहायक जॅक रेबोक यानं टेट्राफ्लुओरोएथिलीनचा सिलिंडर उघडला, तर गॅस येईना. वजन पाहिलं तर सिलिंडर भरलेला! शेवटी तो करवतीनं कापला. आत निघाली पांढरी, मेणचट भुकटी. गॅसच्या रेणूंनी एकमेकांना धरून लांबलचक साखळ्या केल्या होत्या. हेच पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन.

या साखळीत मधे कार्बन आणि त्याला सगळीकडून फ्लोरिननं घट्ट वेढलेलं. हा बंध इतका पक्का, की ॲसिड, तेल, उष्णता कशालाच सहजी दाद देत नाही. आपल्या घरातली साधी पीव्हीसी वायर 70 अंश सेल्सिअसपर्यंत चालते. टेफ्लॉनची 260 पर्यंत! त्यामुळे आवरण पातळ ठेवता येतं, वजन वाचतं. विमानं, रॉकेटं बनवणाऱ्यांना आणखी काय हवं?

एक अडचण होती. हे प्लास्टिक 327 अंशांना वितळतं, पण वाहत नाही, त्यामुळे पीव्हीसीसारखं वितळवून तारेवर चढवता येत नाही. भुकटीत तेलकट द्रव मिसळून तिचा लगदा तारेभोवती दाबायचा आणि मग भाजायचा, असा खटाटोप. 1960 मध्ये एफईपी हा वाहणारा भाऊ बाजारात आला, पण त्याची मजल 200 अंशांपर्यंतच.

आता मुद्द्यावर येऊ. पीटीएफई पेटत ठेवायला भोवतालच्या हवेत जवळपास 95 टक्के ऑक्सिजन लागतो. आपल्या हवेत असतो 21 टक्के. म्हणून लोक बिनधास्त म्हणायचे, हे जळतच नाही. पण अपोलो यानाच्या ऑक्सिजन टाकीत काय होतं? जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन, तोही प्रचंड दाबाखाली. आणि आतल्या पंख्यांच्या मोटरना जाणाऱ्या तारांवर टेफ्लॉन.

मार्च 1970. चाचणीनंतर एक टाकी नीट रिकामी होईना, म्हणून आतला हीटर लावून ऑक्सिजन उडवून द्यायचं ठरलं. तापमान 27 अंशांवर गेलं की थर्मोस्टॅटनं हीटर बंद करायचा. यान 28 व्होल्टवर चालायचं, पण जमिनीवरचा पुरवठा 65 व्होल्टचा. टाकी 65 व्होल्टला चालावी ही सूचना 1965 मध्येच गेली होती, स्विच मात्र जुनेच राहिले. आमच्या कोडमध्येही हे नेहमीचं: एक सर्व्हिस बदलते आणि तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी कुणी अपडेट करत नाही. आमच्याकडे निदान रोलबॅक असतो.

स्विच उघडायला गेला आणि त्या व्होल्टेजनं त्याचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटले. हीटर सुमारे आठ तास चालूच. तापमान दाखवणारा काटा तिशीच्या आतच संपत होता, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नाही. आत पारा 500 अंशांच्या पुढे गेला असावा, असा अंदाज नंतर निघाला. आवरण भाजून तडकलं, तारा उघड्या पडल्या. टाकी पुन्हा भरली आणि यान उडालं.

13 एप्रिलला पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर जॅक स्विगर्टनं टाकीतला ऑक्सिजन ढवळायचा पंखा लावला. शॉर्ट सर्किट झालं, ठिणगी पडली आणि 'न जळणारं' टेफ्लॉन पेटलं. टाकी फुटली, दुसऱ्या टाकीलाही गळती लागली. जिम लोव्हेल, फ्रेड हेझ आणि स्विगर्ट चांद्र-यानाच्या आसऱ्यानं 17 एप्रिलला सुखरूप परतले, ते कसं यावर वेगळा एपिसोडच करावा लागेल.

माझं मत विचाराल तर टेफ्लॉनचा काही दोष नव्हता. 260 पर्यंत टिकणाऱ्या वस्तूला कुणी 500 अंशांत भाजलं, तर ती किती तग धरेल?

नासानं तरीही टाकी नव्यानं घडवली. पंखे काढले, आत टेफ्लॉन शक्य तितकं कमी केलं, तारांना मॅग्नेशियम ऑक्साइडचं आवरण आणि वर स्टेनलेस स्टीलची नळी दिली, शिवाय यानात तिसरी टाकी बसवली. अपोलो 14 हे बदल घेऊन 31 जानेवारी 1971 ला उडालं.